पस्तीस टक्क्यांची ओढ

या वेळच्या टपालात आसगाव आणि पवनीकडची पत्रे जास्त आहेत, आणि जवळजवळ सगळी खाण्यापिण्याच्या धंद्याबद्दल आहेत. लिहिणारे कोणी बौद्ध, कोणी मुसलमान, कोणी ढिवर. पण फिरून फिरून विचारणे एकच, आमच्या समाजासाठी अनुदान किती? म्हणून बाकीची पत्रे बाजूला ठेवून याच विषयाला जागा देतो. नावे कोणाचीच छापलेली नाहीत. गावात अर्ज बँकेत पोचायच्या आधी त्याची बातमी चहाच्या टपरीवर पोचते.

शंका : जय भीम. मी आसगावची. हंगामात पवनीकडे मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडायच्या जागेवर, देठ खुडायला जाते. आता घरीच कांडप यंत्र टाकून तिखट, हळद, मसाला करावा असे मनात आहे. आम्ही बौद्ध. कोणी सांगते महात्मा फुले महामंडळात जा, कोणी म्हणते बौद्ध अल्पसंख्याकात येतात तर मौलाना आझाद महामंडळात जा, तिसरा म्हणतो बाई म्हणून अर्ज कर. जातीच्या दाखल्यासाठी खेटे घालून पाय दुखले. खरे दार कोणते?

समाधान : ताई, तिघेही खरे बोलतात आणि म्हणूनच तुमचा घोटाळा झाला आहे. बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या लोकांना केंद्राच्या पातळीवर अनुसूचित जातीचा हक्क १९९० च्या दुरुस्तीने मिळाला. पुढे १९९३ मध्ये केंद्राने जे पाच धर्म अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले, त्यांत मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, पारशी यांच्याबरोबर बौद्धही आहेत. जैन त्यात आले ते २०१४ मध्ये. तेव्हा तुम्ही अनुसूचित जातीच्याही आहात, अल्पसंख्याकही आहात आणि महिला तर आहातच. पण तीन दाखल्यांवर तीन अनुदाने मिळत नाहीत. एका धंद्याला एकच.

आता गंमत पाहा. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, ज्याला सगळे पीएमईजीपी म्हणतात, त्यात खुल्या गटातल्या पुरुषाला ग्रामीण भागात २५ टक्के आणि शहरी भागात १५ टक्के अनुदान आहे. विशेष गटाला ग्रामीण भागात ३५ आणि शहरी भागात २५. या विशेष गटात अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास, अल्पसंख्याक, दिव्यांग, माजी सैनिक आणि सगळ्या महिला येतात, आणि सगळ्यांचा दर एकच. म्हणजे जातीचा दाखला आणलात तरी ३५ आणि नाही आणलात तरी ३५. त्या दरासाठी तुमच्या आधार कार्डावर ‘स्त्री’ लिहिले आहे तेवढे पुरे. दाखला काढून ठेवा, मुलांना लागेल. पण त्याच्यासाठी मिरचीचा हंगाम घालवू नका.

महामंडळांचे तेवढे समजून घ्या. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या बीजभांडवल योजनेत प्रकल्पाचा एक हिस्सा महामंडळ देते आणि मोठा हिस्सा बँक. महामंडळाच्या हिश्श्यातला थोडा भाग अनुदान असतो, बाकी व्याजासकट फेडायचा. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ तर मुळातच कर्ज देते. लोक दोन्हीला ‘अनुदान’ म्हणून मोकळे होतात, आणि पहिल्या हप्त्याची नोटीस आली की आपल्याला फसवले असे म्हणतात.

दुसरी योजना अन्नप्रक्रियेची, पीएमएफएमई. ती २०२० मध्ये सुरू झाली आणि आपल्या राज्यात कृषी विभागाकडे आहे. तिच्यातही ३५ टक्केच, जास्तीत जास्त १० लाख रुपये, पण इथे जात, धर्म, गाव, शहर काहीच पाहत नाहीत; दर सगळ्यांना सारखा. मग निवड कशावर करायची? माझ्या मते तुमच्या धंद्याचा पैसा कुठे अडकणार आहे, त्यावर.

दुसऱ्यांची मिरची कांडून देणे आणि स्वतः मिरची विकत घेऊन तिखट भरून विकणे हे दोन निराळे धंदे आहेत. कांडून देण्यात पैसा यंत्रात अडकतो. गिऱ्हाईक मिरची आणते, तुम्ही किलोमागे मजुरी घेता, मालाची जोखीम त्याची. स्वतःच्या तिखटात यंत्र हा लहान खर्च आहे. मिरची निघते ती थोडे महिने, तिखट विकायचे बारा महिने. हंगामात भाव बसलेला असताना माल भरून ठेवला नाही तर पावसाळ्यात दुकानदाराच्या दराने घ्यावा लागतो आणि मजुरीही सुटत नाही. हा साठ्याचा पैसा म्हणजे खेळते भांडवल. पीएमएफएमईचे अनुदान यंत्रावर आणि थोड्या बांधकामावर असते, साठ्यावर नाही. पीएमईजीपीमध्ये खेळते भांडवल प्रकल्पाच्या खर्चात धरता येते. म्हणून नुसते कांडप करणार असाल तर तालुका कृषी कार्यालय; पिशवीवर आपले नाव छापून तिखट विकणार असाल तर जिल्हा उद्योग केंद्र किंवा खादी मंडळ.

पाच लाखांचा हिशेब मांडतो. पीएमईजीपीमध्ये तुमचा हिस्सा ५ टक्के, म्हणजे २५,००० रुपये. बँक ४,७५,००० देईल. अनुदान १,७५,०००. पण ते तुमच्या हातात येत नाही, हे दहा वेळा वाचा. ते बँकेत तुमच्या नावाने तीन वर्षे ठेव म्हणून पडून राहते. तेवढ्या रकमेवर बँक व्याज लावत नाही आणि ठेवीवर देतही नाही. तीन वर्षे खाते नीट चालले, यंत्र जागेवर दिसले, की ती रक्कम कर्जात वळती होते. फेडायचे मुद्दल झाले ३ लाख. मधेच खाते थकले तर अनुदान परत जाऊ शकते आणि मग उरते ते पुरते कर्ज. शिवाय खेळत्या भांडवलाची मर्यादा त्या तीन वर्षांत एकदा तरी पूर्ण वापरलेली दिसावी लागते. दोन लाखांची मर्यादा घेऊन पन्नास हजारच वापरलेत तर पुढे हिशेबात वांधा येतो. म्हणून मर्यादा बेताची मागा.

कर्जाच्या मागे लागण्याआधी दोन गोष्टी पाहा. एक, कांडप यंत्राला लागणारी थ्री फेज वीज तुमच्या घरापर्यंत आहे का. खांब लांब असेल तर त्याचा खर्च यंत्राच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो, आणि अहवाल लिहिणारा माणूस नेमके हेच विसरतो. दुसरे, शेजाऱ्यांचे घर किती लांब आहे. मिरचीचा ठसका भिंत ओळखत नाही. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला मिळूनही शेजारणीच्या खोकल्यापायी बंद पडलेली यंत्रे मी पाहिली आहेत.

आणि कर्ज मंजूर होण्याआधी यंत्र उचलू नका. दुकानदार ‘घेऊन जा, बिल मागून फाडू’ म्हणेल. आधी घेतलेल्या यंत्रावर अनुदान अडकते. उद्यम नोंदणी मोबाईलवर फुकट होते. अन्नसुरक्षेची साधी नोंदणी वर्षाला १०० रुपयांत होते. तिखटाला रंग घालायचा नाही, कितीही फिके दिसले तरी. खाद्यतेल मात्र वजनाच्या २ टक्क्यांपर्यंत चालते, पिशवीवर तसे छापून. भिवापुरी मिरची शेजारी असताना तुम्हाला रंगाची गरज पडू नये.

शंका : नमस्कार. पवनीत माझी आमलेट आणि कबाबची गाडी आहे. बिर्याणीचे लहान हॉटेल टाकायचे आहे, पुढे जमले तर चिकन-मटणाचे दुकानही. एका ओळखीच्याने सांगितले की मांसाच्या धंद्याला सरकारी योजनाच नाही, तुम्ही लोकांनी त्या वाटेला जाऊच नये. खरे का?

समाधान : भाऊ, अर्धे खरे आहे, आणि ते अर्धेही जुने. पीएमईजीपीच्या नकार यादीत कापलेल्या मांसाशी संबंधित धंदा पहिल्यापासून आहे. पूर्वी त्यात मांसाहारी जेवण वाढणेही येत होते. म्हणजे मुसलमान अर्जदाराला अल्पसंख्याक म्हणून विशेष गटात बसवायचे आणि त्याला येणारा धंदा यादीतून काढायचा, असा तो प्रकार. मला तो कधीच पटला नाही, आणि फटका फक्त मुसलमानांनाच बसला असेही नाही. सावजी खानावळी चालवणाऱ्यांचीही तीच गत. पुढे सुधारलेल्या नियमांत हॉटेल किंवा ढाब्यावर मांसाहारी पदार्थ वाढण्यास आणि विकण्यास मुभा दिली गेली. दारू वाढणारे हॉटेल अजूनही चालत नाही. तेव्हा बिर्याणीचे हॉटेल बसते. मटणाचे दुकान बसत नाही. दोन्ही एकाच अहवालात घालू नका, नाहीतर एकापायी दुसरे जाईल. खिडकीवरच्या माणसाने जुना नियम सांगितला तर वाद न घालता सुधारित मार्गदर्शक सूचनांची प्रत मागा.

पवनी नगरपरिषदेत येते, म्हणून तुमचा दर शहरी, २५ टक्के. हॉटेल हा सेवा उद्योग. त्याची प्रकल्प मर्यादा २० लाख आहे. पाच लाखांच्या वरचा प्रकल्प असेल तर आठवी पास लागते. तुम्ही शिक्षण लिहिलेले नाही, म्हणून सांगून ठेवतो.

पण मी तुमच्या जागी असतो तर लगेच हॉटेलच्या मागे लागलो नसतो. तुमच्याकडे गाडी आहे, गाडीवर गिऱ्हाईक आहे, आणि बँकेकडे याचा एकही कागद नाही. आधी पीएम स्वनिधीचा अर्ज करा. २०२० मध्ये ही योजना आली तेव्हा पहिले कर्ज १०,००० चे होते; पुढे ते १५,००० झाले. दुसरे २५,०००, तिसरे ५०,०००. वेळेवर फेडले तर व्याजात ७ टक्क्यांची सूट. रक्कम बघून हसू नका. जामीन लागत नाही, नगरपरिषदेचे विक्रेता ओळखपत्र मिळते, आणि क्यूआर कोडवर रोज पडणारे चाळीस-पन्नास रुपये तुमच्या खात्यात धंद्याची नोंद तयार करतात. मी बँकेत कर्जाच्या टेबलावर होतो तेव्हा मंजुरीचा निर्णय अर्जाच्या कागदांपेक्षा खात्याच्या उताऱ्यावर जास्त होत असे. दीड-दोन वर्षांचा असा उतारा घेऊन गेलात तर हॉटेलची फाइल हलते.

मौलाना आझाद महामंडळाचेही सांगतो. ते राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळाच्या पैशातून मुदत कर्ज देते. हे राष्ट्रीय महामंडळ १९९४ मध्ये स्थापन झाले. मुदत कर्जाचे व्याज साधारण ६ टक्के, म्हणजे बँकेपेक्षा खूपच कमी. पण उत्पन्नाची अट आहे, जामीनदार लागतो, आणि रक्कम हाती यायला वेळ लागतो. मटणाच्या दुकानासाठी तिथे विचारणा करा. मात्र एकाच हॉटेलसाठी महामंडळाचे कर्ज आणि पीएमईजीपीचे अनुदान असा मेळ घालू नका. दोन्हीकडचे कागद शेवटी एकाच आधार क्रमांकाला जुळतात.

कबाब अर्धवट शिजवून, गोठवून, पाकिटात घालून दुकानांना द्यायचा विचार कधी आलाच तर ती प्रक्रिया झाली आणि मग पीएमएफएमई. त्या योजनेत मासळी, कोंबडी आणि मांस स्पष्ट शब्दांत धरलेले आहे.

शंका : आमच्या बचत गटाला पापड-कुरडयासाठी प्रत्येकी ४०,००० रुपये ‘अनुदान’ आले असे सांगितले. आता ग्रामसंघ म्हणतो, हप्त्याने परत भरा. आमच्या गटात सगळ्या समाजाच्या बाया आहेत. आम्हाला फसवले का?

समाधान : नाही, पण नीट समजावले नाही हे खरे. हे पीएमएफएमईचे बीजभांडवल. अन्नप्रक्रिया करणाऱ्या सदस्येमागे ४०,००० रुपयांपर्यंत, गटाला जास्तीत जास्त ४ लाख. सरकार ते गटांच्या संघाला अनुदान म्हणून देते आणि संघ ते तुम्हाला कर्ज म्हणून देतो. तुम्ही भरलेला हप्ता सरकारकडे जात नाही. तो संघातच राहतो आणि पुढच्या बाईला मिळतो. तेव्हा हप्ता मागणे रास्त आहे. मात्र त्या हप्त्यांचे पुढे काय झाले, कोणाला दिले, याचे रजिस्टर प्रत्येक बैठकीत वाचून दाखवायला सांगा. ते मागायला संकोच नको.

शंका : आम्ही ढिवर. मासळी आणि शिंगाडे यांवर घर चालते. गोसीखुर्द धरणाच्या बाजूची मासळी मोटारसायकलवर पवनी, अड्याळच्या बाजाराला नेतो. बर्फाच्या पेटीसाठी काही मिळते का?

समाधान : मिळते. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बर्फपेटीसह मोटारसायकल, तीनचाकी आणि मासळी विक्री केंद्र अशी घटकांची यादीच आहे. अर्ज मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात. इथे एक बारकावा आहे. अनुसूचित जाती, जमाती आणि महिलांना ६० टक्के. बाकी सगळ्यांना ४०. ढिवर भटक्या जमातीत येतात, आणि त्या यादीतली ‘जमात’ म्हणजे अनुसूचित जमात. नावातल्या साम्यामुळे तुमच्या भागातले पुष्कळ जण ६० टक्के गृहीत धरून बसतात आणि हिशेब फसतो. तुम्हाला ४०. पण बाजारात टोपली घेऊन बसणारी तुमची बायकोच असेल, तर धंदा तिचाच आहे. अर्ज तिने करावा. तिला ६०. यात लबाडी नाही, मात्र गाडी, खाते आणि सही तिचीच हवी.

शिंगाड्याचे पीठ उपासाला वर्षभर विकते आणि तुमच्याकडचा शिंगाडा ओलाच स्वस्तात जातो. सोलणे, वाळवणे आणि दळणे हे पीएमएफएमईत बसते. जिल्ह्यात या योजनेसाठी ‘जिल्हा संसाधन व्यक्ती’ नेमलेल्या असतात. अहवाल करणे, ऑनलाइन अर्ज भरणे, बँकेत पाठपुरावा करणे हे त्यांचे काम आणि त्याचे मानधन सरकार देते. तुमच्याकडून एक रुपया घ्यायचा नाही.

हे वाक्य आणखी एका पत्राचेही उत्तर आहे. ‘साहेबांपर्यंत पोचवायचे’ म्हणून अनुदानाच्या दहा टक्क्यांची बोली करणाऱ्या दलालाबद्दल एकाने विचारले आहे. देऊ नका. अनुदान तीन वर्षे बँकेत अडकलेले असते. दलालाला तुम्ही देता ते कर्जातून. मुद्रा योजनेत ३५ टक्के सूट मिळवून देतो म्हणणाऱ्याला तर दारातही उभे करू नका. मुद्रा २०१५ पासून आहे आणि तिच्यात अनुदान कधीच नव्हते.

शंका : मी मूळचा आसगावचा, आता उत्तर नागपुरात राहतो. वस्तीत विद्यार्थी खूप, पण धड जेवणाची खानावळ नाही. वहिनीच्या नावाने मेस सुरू करायची आहे. पत्ता आसगावच्या घराचा दाखवला तर ३५ टक्के मिळतील ना? आणि अमेरिकेत म्हणे अशा दुर्लक्षित वस्त्यांनाच अनुदान देतात. आपल्याकडे तसे का नाही?

समाधान : पहिल्याचे उत्तर, नाही. पीएमईजीपीमध्ये पत्ता राहण्याचा नाही, धंद्याचा बघतात. अनुदान वळते होण्याआधी प्रत्यक्ष पाहणी होते. आसगावात जाऊन भांडी, गॅस, टेबले दिसली नाहीत तर ३५ चे शून्य होईल, आणि कर्ज वहिनीच्या माथी राहील. चार लाखांच्या प्रकल्पावर दोन दरांतला फरक ४०,००० रुपयांचा. त्यासाठी एवढी जोखीम कोणी घेऊ नये.

दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्याने २००४ मध्ये ३ कोटी डॉलर घालून एक निधी उभा केला. ज्या वस्त्यांत ताजी भाजी, फळे, धान्य मिळणारे दुकान जवळपास नाही, तिथे दुकान काढणाऱ्याला त्यातून कर्ज आणि अनुदान. मालक कोण, यापेक्षा दुकान कुठे, हा तिथला निकष. आपल्याकडे उलटे आहे. अर्जदार कोण हे बारकाईने पाहतात. जागेचा प्रश्न ग्रामीण की शहरी एवढ्यावर संपतो. त्यामुळे नागपूरच्या धरमपेठेतली मेस आणि तुमच्या वस्तीतली मेस सरकारच्या लेखी सारखीच. ज्या गल्लीत बँकेचा माणूस ‘इथे वसुली होत नाही’ म्हणून फिरकत नाही, तिथल्या धंद्याला वेगळे माप असावे असे माझे मत आहे. ते होईल तेव्हा होईल. तोवर वहिनींना महिला म्हणून २५ टक्के शहरी दराने मिळू शकतात, तेवढ्यावर हिशेब बसतो का पाहा. भाडेकरार नोंदणीकृत करा आणि तीन वर्षांच्या आत घरमालक उठवणार नाही अशी अट त्यात घाला. खानावळीचे कर्ज थकण्याचे कारण बहुतेक वेळा जेवण नसते, जागा जाते हे असते.

शंका : लाखोळीची डाळ आमच्याकडे धानानंतर मुबलक होते. तिचे पीठ बेसनात घालून भजी-पिठाची पाकिटे काढली तर प्रकल्प अहवालात नफा चांगला दिसतो. चालेल का?

समाधान : चालणार नाही. बेसन म्हणजे फक्त हरभऱ्याच्या डाळीचे पीठ. त्यात लाखोळी घातली की ती भेसळ, मग ती घरच्या बांधीतली का असेना. लाखोळी सतत आणि जास्त खाण्याने पाय लुळे पडण्याचा आजार होतो, म्हणून महाराष्ट्रात १९६१ पासून तिच्या विक्रीवर बंदी होती. ती उठवली गेली म्हणून मिसळायला परवाना मिळाला असे होत नाही. अहवालातून ती ओळ काढा. तुमच्याच भागातल्या तांदळाचे पीठ ‘तांदूळ पीठ’ म्हणूनच विका, आणि नफ्याचा आकडा नव्याने मांडा.

ता. क. : पीएमईजीपी, पीएमएफएमई आणि मत्स्य संपदा या तिन्हींची मंजुरी २०२५-२६ या आर्थिक वर्षापर्यंतची होती. त्यापुढचे अर्ज कोणत्या नियमाने घेतात, हे संबंधित कार्यालयात विचारल्याशिवाय यंत्राचे दरपत्रकसुद्धा मागवू नका.